मसल कारमधील इंजिनबदल

१९६० व १९७० च्या दशकांत अमेरिकेत तयार झालेल्या शक्तिशाली मोटारींचे मूळ इंजिन काढून त्या जागी दुसरे इंजिन बसवण्याच्या प्रक्रियेस मसल कारमधील इंजिनबदल असे म्हणतात. अमेरिकेतील हौशी मोटारप्रेमींमध्ये ही प्रक्रिया 'इंजिन स्वॅप' किंवा नुसतेच 'स्वॅप' या नावाने ओळखली जाते. नवे इंजिन मूळ इंजिनाच्याच कुळातील असू शकते किंवा तीस-चाळीस वर्षांनंतर बनलेले, संगणकनियंत्रित इंधनपुरवठ्याचेही असू शकते. मर्यादित पैशांत हा छंद जोपासणारे लोक सहसा इंजिन नसलेली अथवा बंद पडलेली जुनी गाडी विकत घेतात आणि अपघातात मोडलेल्या ट्रकमधून किंवा मोटारीतून काढलेले इंजिन तीत बसवतात. अशा कामात इंजिनाची किंमत एकूण खर्चाचा लहानसा भाग असते. गाडीचा पत्रा, ब्रेक, इंधनव्यवस्था आणि गिअरबॉक्स यांवर त्याहून कितीतरी अधिक खर्च होतो.

पूर्वपीठिका

एका गाडीचे इंजिन दुसऱ्या गाडीत बसवण्याची प्रथा मसल कारपेक्षा जुनी आहे. फोर्ड कंपनीने १९३२ मध्ये आठ सिलिंडरचे 'व्ही-८' इंजिन सर्वसामान्यांच्या आवाक्यातील गाडीत आणले. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातील तरुणांनी याच जुन्या फोर्ड गाड्या हलक्या करून व त्यांची इंजिने सुधारून 'हॉट रॉड' बनवल्या. जानेवारी १९४८ मध्ये सुरू झालेल्या 'हॉट रॉड' या मासिकाने या प्रयोगांना देशभर वाचक मिळवून दिला. १९४९ मध्ये कॅडिलॅक आणि ओल्ड्समोबिल यांची वरच्या बाजूस झडपा असलेली व्ही-८ इंजिने आली. ती लवकरच फोर्ड व स्टुडबेकर यांच्या हलक्या गाड्यांत बसू लागली. स्टुडबेकरमध्ये कॅडिलॅकचे इंजिन बसवून तयार होणाऱ्या गाडीला 'स्टुडिलॅक' असे जोडनावही मिळाले होते.

या छंदाला निर्णायक वळण दिले ते शेव्हरोले कंपनीच्या १९५५ च्या 'स्मॉल ब्लॉक' इंजिनाने. २६५ घनइंच आकारमानाचे हे इंजिन आटोपशीर, हलके आणि स्वस्त होते. पुढील अनेक दशके त्याचा मूळ आराखडा कायम राहिला. २८३, ३२७ आणि ३५० घनइंच अशा आवृत्त्या निघाल्या, तरी बरेचसे भाग एकमेकांत बसत राहिले. भंगाराच्या आवारात गेलेल्या कोणत्याही शेव्हरोले गाडीचे इंजिन उचलून आपल्या गाडीत बसवता येणे ही सोय त्यामुळेच निर्माण झाली. कोणता भाग कोणकोणत्या गाड्यांना चालतो याच्या याद्या देणारी 'हॉलंडर' नियमावली अमेरिकेतील जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्यांकडे १९३० च्या दशकापासून असे, आणि ती हौशी लोकांच्याही उपयोगी पडे.

मसल कारचा उदय आणि अस्त

मध्यम आकाराच्या गाडीत मोठ्या गाडीचे इंजिन बसवणे हीच मुळात मसल कारची कल्पना होय. या अर्थाने पहिली मसल कार हाही कारखान्याने केलेला इंजिनबदलच होता. जनरल मोटर्सच्या पॉन्टियॅक विभागात जॉन डिलोरियन व त्याच्या सहकाऱ्यांनी टेम्पेस्ट या गाडीत ३८९ घनइंचाचे इंजिन बसवले आणि १९६४ च्या हंगामात ते 'जीटीओ' या नावाने पर्यायी संच म्हणून विक्रीस आणले. फोर्ड मस्टँग एप्रिल १९६४ मध्ये आली, तर शेव्हरोले कॅमॅरो १९६७ च्या हंगामात आली. प्लिमथ कंपनीने १९६८ मध्ये 'रोडरनर' बाजारात आणली. तिची मूळ किंमत ३,००० डॉलरपेक्षा कमी होती. गालिचा आणि शोभेच्या वस्तू गाळून सगळा पैसा इंजिनावर खर्च केलेली ती गाडी होती. आज संग्राहकांच्या दालनांत दिसणाऱ्या या गाड्या मूलतः कमी पगाराच्या तरुणांसाठी बनलेल्या होत्या, हे विसरले जाते.

१९७० च्या हवाशुद्धता कायद्यामुळे आणि शिसेविरहित पेट्रोलच्या तयारीमुळे जनरल मोटर्सने १९७१ पासून इंजिनांचे संपीडन गुणोत्तर कमी केले. विमा कंपन्यांनी शक्तिशाली गाड्यांचे हप्ते वाढवले होतेच. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलपुरवठ्यावर निर्बंध घातले आणि हा काळ संपला. शक्ती मोजण्याची पद्धतही याच सुमारास बदलली. १९७१ पर्यंत कंपन्या 'स्थूल' अश्वशक्ती जाहीर करीत. ती हवेचा फिल्टर, सायलेन्सर इत्यादी भाग न जोडता मोजलेली असे. १९७२ पासून गाडीत बसवलेल्या स्थितीतील 'निव्वळ' अश्वशक्ती दिली जाऊ लागली. कॅमॅरो झेड-२८ मधील ३५० घनइंचाच्या इंजिनाची जाहीर शक्ती १९७० मध्ये ३६० होती, तर १९७२ मध्ये २५५. यातील काही घट खरी, म्हणजे संपीडन गुणोत्तर ११ वरून ९ वर आल्याने झालेली होती. उरलेली केवळ मोजण्याच्या रीतीची होती. जुन्या आणि नव्या इंजिनांची तुलना करताना हा फरक ध्यानात न घेतल्यास जुने इंजिन प्रत्यक्षापेक्षा बलवान वाटते.

पुढील पंधरा-वीस वर्षे या गाड्या स्वस्त जुन्या गाड्या म्हणूनच वापरल्या गेल्या. शर्यतींत किंवा रोजच्या वापरात मूळ इंजिन निकामी झाले की जे मिळेल ते बसवले जाई. नंतर संग्राहकांची मागणी वाढली आणि ज्या गाडीचे इंजिन व सांगाडा यांचे क्रमांक जुळतात तिला वेगळी किंमत येऊ लागली. २०१४ मध्ये सिअ‍ॅटल येथील एका लिलावात हेमी इंजिनाची १९७१ ची प्लिमथ कुडा कन्व्हर्टिबल ३५ लाख डॉलरना विकली गेली. मूळ इंजिन गमावलेल्या गाड्या मात्र या बाजाराबाहेर राहिल्या आणि सामान्य हौशी माणसासाठी त्याच शिल्लक उरल्या.

गाडीची निवड

कमी खर्चाच्या प्रकल्पात इंजिनाची अवस्था जवळजवळ गौण असते, कारण ते बदलायचेच असते. पाहायचा असतो तो पत्रा. त्या काळच्या गाड्यांना गंजरोधक संरक्षण अल्प होते आणि उत्तरेकडील राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. त्यामुळे बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या गाडीची जमीन, डिकीचा तळ, मागच्या चाकांभोवतीचा खालचा भाग आणि विनाइलच्या छताखालील मागील काचेची चौकट आतून पोखरलेली असू शकते. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये पुढील काचेखालच्या पोकळीत पाणी साचून ते थेट पायांपाशी गळते. हा भाग दुरुस्त करायचा तर वरचा जोडलेला पत्रा कापून काढावा लागतो. अ‍ॅरिझोना किंवा कॅलिफोर्नियातील कोरड्या भागातली, उन्हाने रंग उडालेली आणि आतील बैठका फाटलेली गाडी ताज्या रंगाच्या गाडीपेक्षा श्रेयस्कर मानतात. वेल्डिंग व डेंटिंग-पेंटिंगचे काम स्वतः करता येत नसेल, तर गंजलेल्या गाडीची किंमत कितीही कमी असली तरी ती महागच पडते.

गाडीच्या रचनेनुसार गंजाचे गांभीर्य बदलते. शेव्हरोले शेव्हेलला स्वतंत्र पूर्ण चासी असते. कॅमॅरोच्या पुढील भागाला बोल्टने जोडलेली उपचासी असते. मस्टँग आणि क्रायस्लर समूहाच्या गाड्यांत मात्र अंग व सांगाडा एकच असतो, म्हणून तेथे तळाच्या तुळया गंजल्या की गाडीचा कणाच गेला असे समजावे.

पैसे वाचवण्याचा प्रचलित मार्ग म्हणजे नावाजलेल्या आवृत्तीऐवजी तिचे साधे भावंड घेणे. सहा सिलिंडरची शेव्हेल मालिबू, चार दारांची सेडान, शेव्हरोले नोव्हा, डॉज डार्ट, प्लिमथ व्हॅलिअंट अशा गाड्या त्याच सांगाड्यावर बनत आणि कारखान्यातून व्ही-८ इंजिनासहही मिळत. त्यामुळे त्यांत मोठे इंजिन बसण्यापुरती जागा मुळातच असते. या स्वस्ताईत एक मेख आहे. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चार बोल्टची चाके, लहान ब्रेक, नाजूक मागील आस आणि हलक्या स्प्रिंगा असत. व्ही-८ ला पाच बोल्टची चाके असत. इंजिन बदलले की हे सगळेच बदलणे भाग पडते.

ओळख पटवण्याचा प्रश्नही येतो. साध्या गाडीवर बिल्ले लावून ती उंची आवृत्ती म्हणून विकण्याचे प्रकार सर्रास होतात. १९६६ पासूनच्या पॉन्टियॅक जीटीओच्या क्रमांकाची सुरुवात २४२ ने होते, तर १९६६ ते १९६८ च्या शेव्हेल एसएस-३९६ चा क्रमांक १३८ ने सुरू होतो. १९६९ पासून एसएस हा केवळ पर्यायी संच झाल्याने गाडीच्या क्रमांकावरून ते ओळखता येत नाही. इंजिन बदलूनच टाकायचे असणाऱ्याने अशा बिल्ल्यांसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नसतो. मालकीचा दाखला नसलेली गाडी मात्र कितीही स्वस्त असली तरी नोंदणीच्या वेळी अडचणीत आणते.

इंजिनाची निवड

सर्वांत कमी कटकटीचा मार्ग म्हणजे त्याच कुळातील नंतरचे इंजिन. जुन्या शेव्हरोलेत ३५० घनइंचाचे स्मॉल ब्लॉक मूळच्याच माउंटिंगवर बसते. १९९६ ते २००० या काळातील ट्रकांमधील 'व्हॉर्टेक' ५.७ लिटर इंजिनाची सिलिंडर हेड चांगली असल्याने त्याला विशेष मागणी असते; त्यावर कार्बुरेटर लावायचा तर निराळा इनटेक मॅनिफोल्ड घ्यावा लागतो. १९८६ पासून क्रँकशाफ्टच्या मागील तेलरोधकाची रचना बदलली, त्यामुळे जुने फ्लायव्हील नव्या इंजिनावर बसत नाही. फोर्डच्या ३०२ घनइंच इंजिनातही १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस फ्लायव्हीलचा तोल बदलला. चुकीचे फ्लायव्हील लावल्यास इंजिन जोराने थरथरते व त्याची बेअरिंगे निकामी होतात. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातील मस्टँगमधील '५.० लिटर' इंजिन पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये ऑइल चेंबर बदलून सहज बसते. क्रायस्लरच्या गाड्यांत ३१८ घनइंचाचे साधे इंजिन काढून ३६० बसवणे हा तसाच सरळ पर्याय आहे.

गेल्या दोन दशकांत या क्षेत्रावर जनरल मोटर्सच्या 'एलएस' कुळाचे वर्चस्व आहे. यातील पहिले एलएस-१ इंजिन १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आले. ५.७ लिटरच्या या अ‍ॅल्युमिनियम इंजिनाची निव्वळ शक्ती ३४५ अश्वशक्ती होती. १९९९ च्या हंगामापासून त्याच आराखड्याची ४.८, ५.३ आणि ६.० लिटरची लोखंडी ब्लॉकची इंजिने सिल्व्हराडोसारख्या ट्रकांत व टाहोसारख्या मोठ्या गाड्यांत लाखोंच्या संख्येने बसली. स्वस्त इंजिनबदलाचा सगळा डोलारा या ट्रकांच्या इंजिनांवर उभा आहे. ५.३ लिटरचे साधे इंजिन २७० ते २९५ निव्वळ अश्वशक्ती देते, म्हणजे १९७२ च्या झेड-२८ पेक्षा अधिक, तेही कमी पेट्रोलमध्ये आणि थंडीत पहिल्याच किल्लीला सुरू होऊन. कॅमशाफ्ट सिलिंडरांच्या मधोमध असल्यामुळे त्याची रुंदी कमी असते. फोर्डची वर दोन-दोन कॅमशाफ्ट असलेली आधुनिक इंजिने आकाराने लहान असूनही रुंद असतात. ती जुन्या मस्टँगमध्ये बसवण्यासाठी पुढील सस्पेन्शनचे खांब कापावे लागतात. म्हणूनच फोर्डच्या गाडीतही शेव्हरोलेचे इंजिन दिसते, आणि ब्रँडनिष्ठ लोकांना ते बिलकुल रुचत नाही.

भंगाराच्या आवारातून इंजिन घेताना ते गिअरबॉक्स, वायरिंगचा जुडगा, संगणक, सेन्सर आणि अ‍ॅक्सिलरेटरचे पेडल यांसह एकत्र उचलणे फायद्याचे ठरते. हे भाग सुटे घेतल्यास त्यांची बेरीज इंजिनापेक्षा जास्त होऊ शकते. नंतरच्या काही आवृत्त्यांत इंधन वाचवण्यासाठी निम्मे सिलिंडर बंद करणारी यंत्रणा आहे. तिचे लिफ्टर लवकर झिजतात या अनुभवामुळे अनेक जण त्याआधीची इंजिने पसंत करतात.

बसवणीतील तांत्रिक बाबी

इंजिन जागेवर टेकवणे हा कामाचा सोपा भाग आहे. बाजारात मिळणाऱ्या जोडपट्ट्या लावून एलएस इंजिन जुन्या माउंटिंगवर बसते. ट्रकचे ऑइल चेंबर खोल असल्याने ते पुढील आडव्या तुळईला अडते किंवा जमिनीच्या फार जवळ येते. त्याऐवजी १९९८ ते २००२ च्या कॅमॅरोचे किंवा या कामासाठीच बनवलेले उथळ चेंबर लावतात. चेंबरसोबत तेल ओढणारी नळीही बदलावी लागते. त्या नळीच्या टोकाशी एक लहान रबरी कडी असते. ती जुनीच ठेवली किंवा बसवताना चिमटली तर पंप हवा ओढतो, तेलाचा दाब मिळत नाही आणि नव्याने बसवलेले इंजिन पहिल्याच दिवशी बाद होऊ शकते. ट्रकचा इनटेक मॅनिफोल्ड उंच असल्याने काही गाड्यांत बॉनेट लागत नाही, आणि खाली लावलेला वातानुकूलनाचा काँप्रेसर चासीला घासतो.

इंधनपुरवठा हा दुर्लक्षित पण धोक्याचा भाग आहे. कार्बुरेटरला ५ ते ७ पीएसआय दाब पुरतो. एलएसच्या इंधन इंजेक्शनला सुमारे ५८ पीएसआय लागतो. जुनी रबरी नळी आणि साध्या क्लिपा एवढ्या दाबाखाली टिकत नाहीत आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पेट्रोलचा फवारा उडू शकतो. टाकीत विजेवर चालणारा पंप, उच्च दाबाच्या नळ्या, फिल्टर व दाबनियंत्रक हे सर्व नवे घ्यावेच लागते. हे टाळण्यासाठी काही जण एलएस इंजिनावर कार्बुरेटर व स्वतंत्र प्रज्वलन नियंत्रक लावतात. त्याने वायरिंग कमी होते, पण त्या दोन वस्तूंची किंमत पाहता बचत फारशी उरत नाही.

संगणकाचे पुनर्प्रोग्रॅमिंग अनिवार्य असते. मूळ ट्रकची चोरीविरोधी यंत्रणा त्यातून बंद केली नाही, तर इंजिन सुरू होऊन काही क्षणांत बंद पडते. शीतनव्यवस्थेत सिलिंडर हेडमधून निघणाऱ्या बारीक वाफनळ्या रेडिएटरच्या वरच्या भागाकडे नेणे आवश्यक असते. त्या बुजवल्यास आत हवेचे बुडबुडे अडकून हेड तापते.

गिअरबॉक्स जुनाच ठेवायचा झाल्यास, एलएसच्या क्रँकशाफ्टचे मागील तोंड बहुतेक आवृत्त्यांत जुन्या इंजिनापेक्षा ०.४ इंच आत असल्याने मध्ये जाड चकती घालावी लागते. जुन्या तीन गतींच्या टर्बो-हायड्रामॅटिकला महामार्गासाठी ओव्हरड्राइव्ह नसतो. ट्रकमधील चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स त्याच संगणकावर चालतो, म्हणून तो सोबतच घेणे सोयीचे. मात्र त्यासाठी प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलून पुन्हा तोल साधावा लागतो. शक्ती वाढली की मागील आस हा पुढचा कच्चा दुवा ठरतो. फोर्डची ९ इंची आस इतर कंपन्यांच्या गाड्यांतही लावली जाते ती तिच्या मजबुतीमुळे.

ब्रेकचा क्रम इंजिनाच्या आधी लागायला हवा. अनेक मसल कारना चारही चाकांना ड्रम ब्रेक असत. १९६७ पूर्वीच्या बहुसंख्य अमेरिकी गाड्यांत ब्रेकचे एकच परिपथ असे; एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक जात. पुढील चाकांना डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर लावण्याचे संच सहज मिळतात. तरीही वाढीव शक्तीची गाडी जुन्याच ब्रेकवर रस्त्यावर आणल्याची उदाहरणे कमी नाहीत.

खर्चाचे स्वरूप

पहिल्यांदाच हा प्रकल्प हाती घेणाऱ्यांचे अंदाजपत्रक बहुधा गाडी अधिक इंजिन एवढेच असते. प्रत्यक्षात पैसा झिरपतो तो अंदाजपत्रकात नसलेल्या वस्तूंत: गॅस्केट, तेल, कूलंट, बेल्ट, नळ्या, योग्य मापाचे बोल्ट, टायर, एक्झॉस्ट पाईप वाकवून घेण्याची मजुरी, इंजिन उचलण्याच्या क्रेनचे भाडे. कमी पैशांत काम पूर्ण करणारे लोक दोन गोष्टी करतात. एक म्हणजे ते निव्वळ इंजिन न घेता अपघातात सापडलेला आख्खा ट्रक विकत घेतात. इंजिन व गिअरबॉक्स काढून घेतल्यावर दारे, चाके, बैठका विकतात आणि उरलेला सांगाडा भंगारात देतात. यातून इंजिनाचा बराचसा खर्च भरून निघतो, शिवाय मोडण्याआधी इंजिन चालू करून पाहता येते. दुसरे म्हणजे ते आधी साध्या, चालत्या अवस्थेत गाडी रस्त्यावर आणतात आणि रंगकाम, बैठका व शोभा नंतरवर टाकतात. सगळी गाडी एकदम उघडून ठेवणाऱ्यांचे प्रकल्प वर्षानुवर्षे गॅरेजमध्ये पडून राहतात.

असे अर्धवट सोडलेले प्रकल्प हाही बाजारातील एक महत्त्वाचा स्रोत आहे. आधीच्या मालकाने नवे भाग घेण्यासाठी ओतलेला पैसा विक्रीच्या किमतीत सहसा वसूल होत नाही, त्यामुळे घेणाऱ्याला ते भाग स्वस्तात मिळतात. मात्र गाडी दुसऱ्याने उघडलेली असते. खोक्यांतून भरून आलेल्या सामानात काय नाही हे जोडणी सुरू केल्यावरच कळते, आणि काचेच्या पट्ट्या, बिजागऱ्या, कंस यांसारखे क्षुल्लक भाग शोधण्यात महिने जातात. पूर्ण झालेली इंजिनबदल केलेली गाडी विकतानाही खर्च क्वचितच वसूल होतो. ज्यांना केवळ चालवण्यासाठी गाडी हवी आहे त्यांना दुसऱ्याने पूर्ण केलेली गाडी घेणे बहुधा स्वस्त पडते.

कायदेशीर बाजू

अमेरिकेत याबाबतचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. सर्वांत कडक मानल्या जाणाऱ्या कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या गाड्यांना नियतकालिक धूरचाचणीतून सूट आहे. १९७६ आणि त्यानंतरच्या गाडीत बसवलेले इंजिन गाडीच्या सालाइतके किंवा त्याहून नवे असावे लागते, त्याची मूळ प्रदूषणनियंत्रक साधने सोबत असावी लागतात आणि राज्याने नेमलेल्या परीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागते. अभिजात मसल कार बहुतांशी १९७५ पूर्वीच्या असल्याने हा नियम त्यांच्या आड येत नाही.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपासून भिन्न ठरणारे फेरफार करण्यास मनाई आहे. इंजिन बदलायचे असल्यास नोंदणी प्राधिकरणाच्या मान्यतेने ते करून नोंदणीपत्रात नोंद करावी लागते. ५० वर्षांहून जुन्या 'व्हिंटेज' वाहनांसाठी २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीची तरतूद झाली. परंतु तिचा लाभ मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांनाच मिळतो. सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार केलेली गाडी त्या व्याख्येत बसत नाही.

मूळपणाविषयीचे मतभेद

इंजिनबदलाला जुन्या गाड्यांच्या जतनाचा आग्रह धरणाऱ्यांचा विरोध असतो. मूळ इंजिन असलेली गाडी कापून तीत आधुनिक इंजिन बसवल्यास ऐतिहासिक वस्तू कायमची नष्ट होते, हा त्यांचा आक्षेप वाजवी आहे आणि अनेक स्वॅप करणारेही तो मानतात. त्यामुळे मूळ इंजिन फेकून न देता पुसून, तेल लावून गाडीसोबत जपून ठेवण्याचा आणि पत्रा न कापता फक्त बोल्टने जोडता येतील असेच बदल करण्याचा संकेत रूढ झाला आहे. मूळ इंजिन केव्हाच हरवलेल्या, शेताच्या कडेला गंजत पडलेल्या सहा सिलिंडरच्या सेडानबाबत हा आक्षेप फारसा लागू होत नाही. अशा गाड्यांपुढे इंजिनबदल आणि भंगारातील दाबयंत्र एवढेच दोन मार्ग उरलेले असतात.